घरपोच डबा: तो कसा चालतो आणि मध्येच का थांबू नये

खान्देशातल्या अमळनेरच्या एका जुन्या गल्लीत आमच्या ओळखीच्या एक आजी राहायच्या. खुब्याचं हाड मोडल्यापासून खाटेवरून उठून फार तर मोरीपर्यंत जायच्या. मुलगा-सून सुरतेला, कापडाच्या कामावर. समोरच्या घरातली बाई रोज संध्याकाळी आपल्या तव्यावरची एक भाकरी आणि वाटीभर भाजी त्यांना नेऊन द्यायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं, त्याची कुठे नोंदही नव्हती.

मग काही तरुणांनी घरपोच डबा सुरू केला आणि आजींचं नाव यादीत आलं. रोज दुपारी गरम वरण-भात, पोळी, भाजी दारात येऊ लागली. समोरच्या बाईने भाकरी देणं थांबवलं. त्यात तिचं काही चुकलं नाही. चार महिन्यांनी देणग्या आटल्या आणि डबा बंद पडला. आजींनी ते कुणालाच सांगितलं नाही. समोरच्या बाईला वाटत राहिलं, डबा तर येतोच आहे. मी भेटायला गेलो तेव्हा आजी दोन आठवडे चहा-टोस्टवर काढत होत्या. "जेवन व्हयनं का माय?" (जेवण झालं का?) असं विचारलं, तर म्हणाल्या, "हाव, व्हयनं." (हो, झालं.)

डबा सुरू झाला की माणसाची आधीची सोय सुटते. ती किती का तुटपुंजी असेना, सुटते. म्हणून पहिला डबा भरण्याआधी तो किती दिवस जाईल याचं उत्तर हातात हवं. खाली जे सांगतो आहे, मग ते जेवणाबद्दल असो, वाटेबद्दल, पैशाबद्दल किंवा कायद्याबद्दल, ते सगळं या एका गोष्टीभोवती फिरतं. आपल्या गावात अशी सेवा सुरू करावी असं मनात असेल किंवा चालू सेवेला मदत करायची असेल, तर तिचं आतलं गणित माहीत असलेलं बरं.

धान्य घरात आहे, जेवण नाही

"आता तर धान्य फुकट मिळतं, मग उपाशी कोण राहतं?" हा प्रश्न मला नेहमी ऐकू येतो. विचारणाऱ्याचा हेतू वाईट नसतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं आणि अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. त्याआधी २००० साली केंद्राची अन्नपूर्णा योजना आली. वृद्धापकाळ पेन्शनला पात्र असूनही ती मिळत नाही अशा ६५ वर्षांवरच्या निराधारांना तिच्यात महिना १० किलो धान्य मोफत ठरवलेलं आहे. या सगळ्या योजना मोलाच्या आहेत. पण धान्य आणि घास यांच्यामध्ये किती कामं असतात ते मोजून पाहा. दुकानापर्यंत जायचं, अंगठा लावायचा, पिशवी उचलून आणायची. गहू निवडायचे, चक्कीवर नेऊन दळून आणायचे. पीठ मळायचं, गॅसपुढे किंवा चुलीपुढे अर्धा तास उभं राहायचं, तापलेलं भांडं उतरवायचं, नंतर ते घासायचं. ज्याचा एक हात लकव्याने गेला आहे, ज्याला दिसत नाही, ज्याच्या कंबरेत खिळे घातले आहेत, त्याची साखळी पहिल्या किंवा दुसऱ्या कडीपाशीच तुटते. धान्य कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्यात पडून राहतं आणि त्याला पोरकिडे लागतात.

शिजवलेलं अन्न देणारी योजनाही आपल्याकडे आली. २६ जानेवारी २०२० ला महाराष्ट्रात शिवभोजन थाळी सुरू झाली: १० रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण आणि भात. बसस्थानकावरच्या हमालाला, दवाखान्यात पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकाला तिचा मोठा आधार झाला. पण थाळी केंद्रावर जाऊन खायची असते. केंद्रापर्यंत जो जाऊ शकत नाही, त्याला १० रुपये किंमत असली काय आणि एक रुपया असली काय, सारखंच.

श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजनांचं अनुदान २०२३ मध्ये महिना १,००० वरून १,५०० रुपये झालं. तेव्हाच्या हिशेबाने दिवसाला ५० रुपये, आणि त्यातच औषध, वीजबिल, दूध सगळं आलं. शिवाय हे पैसे बँकेत येतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सांगितलं की ७० वर्षांवरच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरी जाऊन सेवा द्या. माणूस बँकेपर्यंत येऊ शकत नसेल तर बँकेने त्याच्यापर्यंत जावं, हे तत्त्व म्हणजे कागदावर मान्य झालेलं आहे. शिजवलेल्या जेवणासाठी मात्र तसा हक्क कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. ती मोकळी जागा आज संस्था भरतात. कुठे मंदिराचं अन्नछत्र, कुठे तरुण मंडळ, कुठे समाजाची पंचायत, कुठे निवृत्त शिक्षकांचा गट. भाईंदरला डॉ. उदय मोदी यांनी सुरू केलेली श्रवण टिफिन सेवा अनेकांनी ऐकली असेल. एकट्या, निराधार वृद्धांना रोज घरपोच डबा, असंच तिचं स्वरूप.

यादीत कोण?

गरीब म्हातारा माणूस एवढीच कसोटी लावली तर निम्मी खरी माणसं यादीबाहेर राहतात. मी दोन प्रश्न विचारतो. दुसऱ्याच्या आधाराशिवाय घराबाहेर जाता येतं का? आणि स्वतःला न भाजता, न पडता रोजचा स्वयंपाक करता येतो का? दोन्हींचं उत्तर 'नाही' असेल आणि घरात ते करणारं दुसरं कुणी नसेल, तर त्या घराला डबा लागतो.

मग यादीत निवृत्त मुख्याध्यापकही येतात. पेन्शन चांगली आहे, पण बायको गेल्यावर गॅस पेटवायला हात थरथरतात. पस्तिशीतला मतिमंद तरुणही येतो, कारण त्याला भरवणारी आई आता स्वतःच अंथरुणाला खिळली आहे. दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वं मानली. प्रमाणपत्रावर किमान ४० टक्के लिहिलेलं असतं तेव्हा सवलती मिळतात. पण डब्याची यादी करताना मी प्रमाणपत्राकडे पाहत नाही. ज्याला जिल्ह्याच्या दवाखान्यात जाऊन प्रमाणपत्र काढता आलं नाही, तोच बहुतेक वेळा जास्त अडलेला असतो. कुणाला काही महिन्यांपुरताच डबा लागतो, हाड जुळेपर्यंत. त्यालाही घ्यावं आणि बरा झाला की जागा दुसऱ्याला द्यावी.

अशी माणसं सापडतात कशी? ती स्वतः फोन करत नाहीत. आशाताईंना माहीत असतात, दूधवाल्याला, रेशन दुकानदाराला, औषधाच्या दुकानातल्या पोऱ्याला माहीत असतात. एका गल्लीत या चौघांना विचारलं की यादी तयार होते.

परदेशात हे कसं रुजलं

घरपोच जेवणाची संघटित सेवा ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात उभी राहिली. बॉम्बवर्षावात घरं आणि चुली गेलेल्यांना स्वयंसेविका जेवण पोचवत, आणि पुढे तेच काम घरात अडकलेल्या वृद्धांसाठी चालू राहिलं. अमेरिकेत १९५४ साली फिलाडेल्फियात मार्गारेट टोय या समाजसेविकेच्या पुढाकाराने पहिला असा उपक्रम सुरू झाला. डबे पोचवायला हायस्कूलचे विद्यार्थी जायचे. पुढची गोष्ट आपल्यासाठी जास्त महत्त्वाची आहे. तिथे ज्येष्ठांसाठीचा कायदा १९६५ मध्ये आला, १९७२ मध्ये त्यात जेवणाची तरतूद झाली आणि १९७८ मध्ये घरपोच जेवणासाठी वेगळी. स्वयंसेवकांनी सुरू केलेल्या कामामागे सरकारचा नियमित पैसा उभा राहिला. एका जेवणातून दिवसभराच्या पोषणाचा किमान तिसरा हिस्सा मिळालाच पाहिजे, असं बंधनही आलं. आणि ज्येष्ठांकडून किंमत घ्यायची नाही, पण स्वखुशीने कुणी काही दिलं तर घ्यायचं, हीसुद्धा पद्धत ठरली.

ही शेवटची गोष्ट खान्देशात फार कामाची आहे. आयुष्यभर कमावून खाल्लेल्या माणसाला फुकटचा डबा घशाखाली उतरत नाही. "माले नको भाऊ, दुसऱ्याले दे" असं म्हणून परत पाठवणारे नाना-आप्पा मी पाहिले आहेत. अशा ठिकाणी महिन्याला एक पाकीट ठेवावं. ज्याला जे टाकायचं ते टाकावं, कुणी काय टाकलं ते पाहू नये. पाकीट आलं की तोच माणूस हक्काने सांगू लागतो, आज मीठ कमी होतं. तो हक्क त्याला मिळायलाच हवा.

डब्यात काय

आता पोषणाचं गणित. म्हातारपणी भूक कमी होते, पण प्रथिनांची गरज कमी होत नाही. उलट स्नायू झिजत असतात, म्हणून वृद्धांसाठी शरीराच्या प्रत्येक किलोमागे साधारण १ ग्रॅम प्रथिन तरी असावं असं तज्ज्ञ सांगतात. ५० किलोच्या आजींना दिवसाला ५० ग्रॅम. (मूत्रपिंडाच्या पेशंटचा हिशेब वेगळा असतो, तो त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्यावा.) ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठाच्या भाकरींतून १० ग्रॅमच्या आसपास मिळतात. ३० ग्रॅम तुरीच्या डाळीचं घट्ट वरण ६ ते ७ ग्रॅम देतं, २० ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी ५ ग्रॅम, आणि वाटीभर दही ३ ते ४. एका डब्यात जवळपास निम्मं काम होतं. वरण पाणीदार केलं की हे गणित कोसळतं. पैसे कमी पडू लागले की सगळ्यांत आधी वरणच पातळ होतं, म्हणून स्वयंपाकघरात मी पहिल्यांदा वरणाचं पातेलं पाहतो.

आपल्या जुन्या स्वयंपाकात याची उत्तरं बरीच आहेत. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेले असतात, त्यामुळे नुसत्या ज्वारीपेक्षा तिच्यात प्रथिनं जास्त. पण ती कडक होते. ज्याच्या तोंडात दात नाहीत त्याच्यासाठी ती डब्यात भरतानाच वरणात चुरून द्यावी लागते. बट्टी म्हाताऱ्या माणसाला सोसत नाही. भरीत सोसतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हिवाळ्यात ती वांगी बाजारात भरपूर असतात, भाजल्यावर लोण्यासारखी मऊ होतात. तेल आणि मिरची बेताची घातली की बिनदाताच्या माणसासाठी याहून चांगली भाजी नाही. त्याच वर्षी मानांकन मिळालेलं जळगावचं केळं तर आपल्या दारातलं फळ: मऊ, स्वस्त, सोलायला सोपं. फक्त मधुमेही आणि मूत्रपिंडाचे पेशंट यांच्या डब्यावर वेगळी खूण हवी.

तिखट-मिठाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या आत मीठ सांगते. ते बरोबरच आहे, आणि त्यासाठी पापड, बिबडी, लोणचं रोज देऊ नये. पण वयाबरोबर जिभेची चवही मंदावते. आयुष्यभर ठेचा खाल्लेल्या माणसाला पांढरंफटक वरण आणि उकडलेला दुधी दिला तर तो दोन घास खाऊन डबा झाकतो. न खाल्लेल्या जेवणातून कुणालाच पोषण मिळत नाही. लसूण, जिरं, कोथिंबीर, थोडा लिंबू यांनी चव येते. बोटभर ठेचा कोपऱ्यात असला तर बाकीचा डबा संपतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुरणपोळी आणि आमरस जायलाच हवा, साखर सांभाळून का होईना. सणाच्या दिवशी रोजचंच जेवण आलं तर घरात अडकलेल्या माणसाला ते फार लागतं.

लकवा झालेल्यांची एक वेगळी काळजी घ्यावी लागते. त्यांच्यातल्या काहींना नीट गिळता येत नाही. जेवताना किंवा पाणी पिताना वारंवार ठसका लागतो, आवाज ओला येतो. अशा वेळी पातळ पदार्थ आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका जास्त असतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. डबा नेणाऱ्याला एवढं शिकवून ठेवावं: ठसका दिसला की डॉक्टरांना कळवायचं, आणि कुणालाही आडवं ठेवून भरवायचं नाही, पाठ सरळ करून बसवायचं.

मे महिन्यातली उन्हाची वाट

जळगाव-भुसावळला मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. अन्नातल्या जंतूंना ५ ते ६० अंशांमधली जागा सगळ्यांत आवडती. गरम जेवण ६० अंशांच्या वर असलं की सुरक्षित. त्याखाली आलं की साधारण दोन तासांत खावं, आणि बाहेर ३२ अंशांहून जास्त ऊन असेल तर एका तासात. आपल्याकडे मार्च ते जून हा एक तासाचाच हिशेब धरायचा. म्हणजे नऊ-साडेनऊला स्वयंपाक सुरू, अकराच्या आत डबे भरलेले, बाराच्या आत शेवटचं दार. भात तर फारच जपून. त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, आणि कोमट भात तासन् तास राहिला की पुन्हा वाढतात.

पण डबे नेणाऱ्या प्रत्येकाला एक गोष्ट माहीत असते, जी कुठल्याही नियमपत्रकात नसते. म्हातारी माणसं अर्धा डबा रात्रीसाठी ठेवतात. दुसरं जेवण येणार नाही हे त्यांना ठाऊक असतं. "लगेच खा हो, माय" असं कितीही सांगा, वाटी झाकून फळीवर जाते. सांगून हे बदलत नाही, त्यामुळे डबाच तसा भरायचा. दुपारी खायचं ओलं, म्हणजे वरण, भात, भाजी, एका माणसाच्या एका जेवणाएवढंच. रात्रीसाठी वेगळ्या कागदात टिकणारं: एखादी दशमी, शेंगदाण्याची चटणी, एक केळं. दशमीचं पीठ दुधात भिजवलेलं असतं, त्यामुळे ती मऊ राहते आणि संध्याकाळपर्यंत टिकते. आपल्या आज्या प्रवासाला तीच बांधायच्या.

पाण्याचं तसंच. वयाबरोबर तहान कमी लागते. शिवाय रात्री उठून मोरीपर्यंत जावं लागेल या भीतीने अनेक जण पाणी कमीच पितात. उन्हाळ्यात डब्याबरोबर ताकाची बाटली जायला हवी, आणि नेणाऱ्याने तिथेच उभं राहून तांब्या-पेला हाताशी ठेवून यायला हवं.

एक माणूस एका तासात किती घरं करतो? जुन्या गावठाणात गल्ल्या अरुंद, गाडी बाहेरच ठेवावी लागते. घरागणिक पाच मिनिटं धरली तर बारा घरं. ३० डब्यांसाठी तीन जण लागतात आणि चौथा राखीव, कारण नेमक्या कडक उन्हाच्या दिवशी कुणीतरी आजारी पडतंच. भांडीही दुप्पट लागतात. आजचा भरलेला डबा ठेवायचा आणि कालचा रिकामा आणायचा, म्हणजे ३० माणसांना ६० डबे, वर पाच-सहा जास्त.

परत आलेला डबा स्वयंपाकघरात लगेच घासायला टाकू नये. आधी उघडून पाहावा. भाजी संपली, पण भाकरीचे काठ उरले: दात दुखत असतील. तीन दिवस सगळंच अर्धं उरलं: पोट बिघडलं आहे किंवा मन. पोळ्या जशाच्या तशा, वरण मात्र चाटून पुसून: गिळायला त्रास होतो आहे. एका वहीत प्रत्येक नावासमोर एवढं लिहून ठेवलं तर महिन्याभरात डॉक्टरांना दाखवता येईल अशी नोंद तयार होते. कुणी महागडी तपासणी केलेली नसते, पण ती खरी असते.

दार उघडलं नाही तर काय करायचं, हे पहिल्या दिवशीच ठरवून ठेवावं. हाक, मग फोन, मग किल्ली ठेवलेले शेजारी, मग नातेवाईक. आत काही अघटित वाटलं तर रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा पोलिसांसाठी ११२. डबा दारात ठेवून निघून जायचं, असं कधीच करायचं नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मोफत हेल्पलाइनही आहे. तो नंबर मोठ्या अक्षरात लिहून प्रत्येक घराच्या भिंतीवर लावून यावा.

पैसे: तिथी आणि मंगळवार

हिशेब समजण्यासाठी काही आकडे धरू. एका डब्याला शिधा ३२ रुपये, गॅस ५, स्वयंपाक करणाऱ्या मावशींचा पगार १३, पोचवणं ७, भांडी आणि मोडतोड ३. एकूण ६० रुपये. ३० डबे म्हणजे दिवसाला १,८०० रुपये, महिन्याला ५४,०००, आणि वर्षाला ६,५७,०००.

आपल्याकडे अन्नदानाला लोक हात आखडता घेत नाहीत. वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा दिवसांसाठी तिथी राखून ठेवणं ही देवस्थानांची जुनी पद्धत डब्यालाही चालते. एका तिथीचे १,८०० रुपये. अडचण अशी की तिथ्या एकाच काळात गर्दी करतात. पितृपक्षात एका दिवसाला चार दाते, आणि ज्येष्ठात पेरणीच्या दिवसांत आठवडाभर कुणीच नाही, कारण घराघरातला पैसा बियाण्यात गेलेला असतो. शिवाय दाते म्हणतात, आमच्या पैशातून जिलेबी द्या. मावशींचा पगार द्या, पेट्रोल भरा, असं कुणी म्हणत नाही. डबा मात्र अशाच कुणाचीही तिथी नसलेल्या एखाद्या मंगळवारी अडतो. ज्या दात्याला मनापासून मदत करायची आहे त्याला मी सांगतो: एकदाच ५,००० देण्यापेक्षा महिन्याला ५०० द्या, आणि ते कशावर खर्च करायचे ते आम्हाला ठरवू द्या. असे १०८ दाते असले की ३० डबे कुणापुढेही हात न पसरता चालतात.

आणि सुरू करण्याआधी सहा महिन्यांचा खर्च बँकेत असावा. वरच्या हिशेबाने ३,२४,००० रुपये. ही रक्कम मोठी वाटते. ती जमत नसेल तर ३० ऐवजी दहाच डबे सुरू करा, १,०८,००० लागतील. अकराव्या माणसाला "थांबा" असं सांगताना जीव तुटतो, मला माहीत आहे. पण चार महिने डबा देऊन मग थांबवणं त्याहून वाईट, हे त्या आजींनी मला दाखवलं.

कायद्याचं थोडक्यात

संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंदवतात. दात्याला जुन्या करपद्धतीत सवलत हवी असेल तर संस्थेकडे ८०जी म्हणून ओळखली जाणारी मान्यता लागते, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत मिळत नाही. कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाच्या निधीत भूकनिवारण आणि ज्येष्ठांसाठीच्या सोयी हे दोन्ही विषय बसतात.

"आम्ही धर्माचं काम करतो, आम्हाला अन्नपरवाना कशाला?" असं बरेच जण म्हणतात. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यातली व्याख्या स्पष्ट आहे: काम नफ्यासाठी असो वा नसो, अन्न शिजवणं आणि वाटणं हे त्यात येतंच. छोट्या स्वयंपाकघराला साधी नोंदणी पुरते. ती करून घ्यावी. लग्नातलं उरलेलं अन्न वाटण्यासाठी २०१९ चे वेगळे नियम आहेत, पण आजारी, दुबळ्या माणसाच्या रोजच्या डब्यात मंडपातलं उरलेलं अन्न मी कधीच घालणार नाही.

एक निधी मात्र बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ग्रामपंचायती आणि नगरपालिकांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. बऱ्याच गावांत तो वर्षाअखेरी घाईने एखादी वस्तू वाटून संपवला जातो. ग्रामसभेत उभं राहून, अंथरुणाला खिळलेल्या दिव्यांगांच्या जेवणासाठी यातून काय करता येईल, हा प्रश्न विचारायला हवा.

सातपुड्यात डबा चालत नाही

वर सांगितलेलं सगळं अमळनेर, चोपडा, धुळे, नंदुरबार अशा गावांसाठी. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर एक घर या टेकडीवर तर दुसरं त्या. एका तासात बारा काय, दोन घरं झाली तरी पुष्कळ. त्यात दिवाळीनंतर कर्ती माणसं ऊसतोडीला, गुजरातेत मजुरीला निघून जातात आणि म्हातारे मागे राहतात.

तिथे स्वयंपाकघर उभारू नये. शेजारच्या घरात चूल पेटतेच, त्या घराला एका माणसाचा शिधा आणि थोडा मोबदला द्यावा, म्हणजे रोज एक ताट जास्त वाढलं जाईल. भाकरी तीच, डाळ तीच, भाषाही तीच. संस्थेचं काम एवढंच: शिधा वेळेवर पोचवायचा, आणि आठवड्यातून एकदा न सांगता जाऊन म्हाताऱ्या माणसाला भेटून यायचं.

अमळनेरच्या त्या आजींच्या बाबतीतही शेवटी आम्ही हेच केलं. नवा डबा लावला नाही. समोरच्या बाईकडे गेलो, झालं ते सांगितलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि काही न बोलता परातीत आणखी एक मूठ पीठ घेतलं. महिन्याचं पीठ, डाळ आणि तेल तिच्या घरी पोचवायचं आमच्याकडे लागलं. आजी असेपर्यंत, पुढची पावणेदोन वर्षं, ते एकदाही चुकलं नाही.